जानेवारीत लीड्सला बाळ येणार आहे, तर आधी काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं इंग्लंडमध्ये लीड्सला येताय, तेव्हा वहिनींना पंचविसावा-सव्विसावा आठवडा असेल, आणि बाळाची तारीख जानेवारीच्या मध्यावर आहे. हातात एका दुकानाची साठेक वस्तूंची यादी आहे. त्यातलं भारतातून काय आणायचं, इथे काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तुम्हाला हवंय.

यादी नीट वाचली. तिच्यात बाळाचा पुष्कळ विचार आहे, घराचा अजिबात नाही. इथे निम्म्या गोष्टी घरावरून ठरतात. ते केवढं आहे, दमट किती आहे, जिना किती अरुंद आहे, आणि मदतीला हात किती आहेत. तुमच्याकडे हातांच्या जोड्या दोनच आणि त्यातली एक बाळंतीण. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे मी एवढंच बघते की रात्री तीन वाजता हिच्यामुळे काम वाढणार की कमी होणार.

कपड्यांपासून सुरू करते. डिसेंबरअखेर लीड्समध्ये दुपारी पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि मावळेपर्यंतही त्याचा कपड्यांना काही उपयोग नसतो. बाहेर वाळत घालणं मार्चपर्यंत विसरा. घरात स्टँडवर घातलं तर दीड-दोन दिवस सहज जातात. बाळ दिवसाला दोन-तीन जोड खराब करतं. मशीन भरण्याइतके कपडे साठायला एक दिवस आणि वाळायला दोन दिवस धरले, तर आठ-नऊ जोड लागतात. भाड्याच्या घरात ड्रायर असेल तर सहा पुरतील. सगळ्या याद्यांमधले आकडे वेगवेगळे का असतात त्याचं कारण हेच, आणि म्हणून घर मिळण्याआधी कपडे मोजायला बसू नका.

जोड म्हणजे आत व्हेस्ट आणि वर स्लीपसूट. व्हेस्टला मांड्यांमध्ये टिचबटणं असतात, त्यामुळे ती वर सरकून पाठ उघडी पडत नाही. स्लीपसूट पायमोज्यांसकट असतो. समोरून उघडणारेच घ्या, आणि जमलं तर दोन्हीकडून उघडणाऱ्या चेनचे. अंधारात बटणांची रांग चुकत चुकत लावणं ही शिक्षा आहे. मापं ‘टायनी बेबी’, ‘न्यूबॉर्न’ आणि ‘शून्य ते तीन महिने’ अशी येतात. न्यूबॉर्नचे तीन-चार आणि बाकी शून्य ते तीनचे घ्या. थोडे मोठे झाले तर बाह्या दुमडता येतात. अ‍ॅस्डा, टेस्को, सेन्सबरीज या सुपरमार्केटच्या कपड्यांना काही होत नाही. लहान मुलांच्या कपड्यांवर इथे व्हॅट नाही, त्यामुळे भारतातून ढीग आणून पैसे वाचतात हा हिशोब जुळत नाही. वर दोन पातळ स्वेटर, दोन टोपडी, बाहेर जायला एक जाड, अंगभर प्रॅमसूट. टोपी घरात आल्यावर काढायची, कारण बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकतं. आजीच्या नजरेला हे पटणार नाही, तरी काढायची.

तुमच्या यादीत नसलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी वस्तू म्हणजे डीह्युमिडिफायर. हवेतली ओल ओढून टाकीत साठवणारं यंत्र. दार बंद करून ते कपड्यांच्या स्टँडजवळ लावलं की कपडे एका रात्रीत वाळतात आणि खिडक्यांवर पाणी साचत नाही. ते नसेल तर हीच ओल भिंतीवर चढते आणि काळी बुरशी धरते. ही बाब किरकोळ नाही. रॉचडेलमध्ये २०२० साली घरातल्या बुरशीमुळे दोन वर्षांच्या मुलाचा जीव गेला, आणि त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा त्यातून आला. तो आधी सामाजिक घरांना, म्हणजे कौन्सिल (नगरपालिका) किंवा गृहसंस्था भाड्यानं देतात त्या घरांना, लागू झाला आहे. तुमचं घर खासगी असणार, म्हणून बघायला जाल तेव्हा कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात आणि न्हाणीघराच्या छताला ताजा रंग मारलाय का ते पाहा. एकट्या कोपऱ्यात ताजा रंग म्हणजे खाली बुरशी.

भारतातून आणण्याजोगी गोष्ट एकच, आणि ती भरपूर आणा: जुन्या सुती साड्यांची किंवा धोतराची, धुऊन धुऊन मऊ झालेली दुपटी. इथे त्या जागी मस्लिनचे चौकोन विकतात. तेही चांगले असतात, पण तुमची दुपटी जास्त मऊ, फुकट आणि लवकर वाळणारी. दूध पुसायला, खांद्यावर टाकायला, आंघोळीनंतर टिपायला, बदलायच्या चटईवर अंथरायला वीस-पंचवीस सुद्धा जास्त होत नाहीत. बॅगेत बाकीच्या सामानाभोवती गुंडाळली की जागाही खात नाहीत.

आता झोपेबद्दल. इथे थोडं ठाम बोलते. यादीत ‘नऊ नगांचा बिछान्याचा सेट’ आहे: उशी, लोड, कठड्याला बांधायची गादी, रजई. हा पूर्ण सेट रद्द करा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशी, रजई, कठड्याची गादी, मऊ खेळणी यांपैकी काही देत नाहीत. पाठीवर झोपवायचं, टणक आणि सपाट गादीवर, पहिले सहा महिने आईबाबांच्याच खोलीत, दिवसाच्या झोपेलासुद्धा. ब्रिटनमध्ये १९९१ साली ‘बॅक टू स्लीप’ ही मोहीम झाली आणि झोपेत अचानक होणारे अर्भकांचे मृत्यू त्यानंतर झपाट्यानं खाली आले. तोवर बाळांना पालथं झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जायचा. डोक्याला आकार यावा म्हणून कुणी मोहरीची उशी पाठवत असेल तर प्रेमानं नाही म्हणा.

खोलीचं तापमान १६ ते २० अंश सांगतात. आपल्याला ते गारठा वाटतं आणि हात आपोआप हीटिंगकडे जातो. बाळाचे हातपाय गार लागतात, ते चालतं. छातीला किंवा मानेमागे हात लावून बघायचं. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. इथे पांघरुणाऐवजी झोपायची पिशवी वापरतात, बिनबाह्यांची आणि खाली बंद. तिच्या जाडीचं माप ‘टॉग’मध्ये असतं. वर सांगितलेल्या तापमानाला अडीच टॉग पुरतो. दोन पिशव्या हव्यात, एक अंगात आणि एक वाळत. पिशवीवर किमान वजन लिहिलेलं असतं ते वाचा. गळा सैल असेल तर बाळ आत घसरतं, तेव्हा बाळ बारीक निघालं तर पहिले काही आठवडे बारीक भोकांची पातळ सुती ब्लँकेट्स वापरा. ती काखेखाली नीट खोचायची आणि बाळाचे पाय कॉटच्या (बाळाच्या कठड्याच्या पलंगाच्या) पायथ्याला टेकतील असं झोपवायचं, म्हणजे ते खाली सरकून पांघरुणात बुडत नाही.

कॉट की मोझेस बास्केट, म्हणजे बाळाला झोपवायची टोपली? खोली लहान असेल तर पलंगाशेजारची छोटी कॉट सोयीची, पण ती पाच-सहा महिन्यांत अपुरी पडते. जागा असेल तर सरळ मोठी कॉट घ्या, पहिल्या रात्रीपासून चालते. कॉट जुनी घेतली तरी गादी नवी घ्या आणि कॉटच्या मापाची घ्या. कडेला फट राहता कामा नये.

कार सीट. गाडी घेणार नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सीट यादीतून काढलीत. परत घाला. दवाखान्यातून घरी गाडीनं यायचं तर ती लागते. टॅक्सीवाल्याकडे योग्य सीट नसेल तर मागच्या सीटवर बाळाला तशीच परवानगी आहे, हा कायद्यातला अपवाद खरा. पण कायद्यानं चालतं म्हणून जानेवारीतल्या निसरड्या रस्त्यावर चार दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन बसू नये. भारतातून सीट आणू नका. इथे गोलातलं मोठं ‘ई’ आणि ‘आर १२९’ किंवा ‘आर ४४’ असा शिक्का असलेल्या सीटच चालतात. आर १२९ उंचीवर ठरते आणि त्यात बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवावं लागतं. बऱ्याच सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीतल्या कड्यांना अडकणाऱ्या, तळावर बसतात, पण तो तळ टॅक्सीत घेऊन हिंडता येत नाही. तुम्हाला गाडीच्या साध्या पट्ट्यानं बांधता येणारी हवी. दुकानात हेच शब्द वापरून विचारा आणि त्यांच्याकडून एकदा बांधून दाखवून घ्या. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट लावायला बंदी आहे. टॅक्सीत तसाही प्रश्न येत नाही, पण मित्राच्या गाडीत येतो.

जुन्या वस्तूंचा मी पुरस्कार करते, कार सीटचा मात्र नाही. एकदा अपघात झालेली सीट बाहेरून ठणठणीत दिसते. सख्ख्या माणसाकडची, इतिहास माहीत असलेली असेल तर गोष्ट वेगळी. मुलांच्या कार सीटवर व्हॅट पाचच टक्के आहे, तेवढाच दिलासा. अजून दोन गोष्टी. प्रॅमसूट घालून पट्टे बांधायचे नाहीत. फुगीर कपड्यामुळे पट्टा घट्ट वाटतो पण नसतो. पातळ कपड्यांत बांधा आणि वरून ब्लँकेट टाका. दुसरं म्हणजे घरी पोचलं की बाळ झोपलेलं असलं तरी सीटमधून उचलायचं. हनुवटी छातीला टेकली की श्वासाला अडथळा होतो.

प्रॅमच्या, म्हणजे बाबागाडीच्या, बाबतीत घाई नको. लीड्सला मेट्रो नाही, ट्राम नाही, सगळा कारभार बसवर. बसमध्ये प्रॅम ठेवायची जागा मुळात व्हीलचेअरची असते, आणि व्हीलचेअर आली की ती रिकामी करणं अपेक्षित असतं. यावरचा एक खटला २०१७ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यामुळे एका हातानं मिटणारी प्रॅम हवी. लीड्सच्या जुन्या विटांच्या घरांमध्ये दार उघडलं की समोर जिना, आणि मधली जागा जेमतेम माणूस वळेल एवढी. घराच्या दाराची आणि त्या जागेची रुंदी मोजून मगच दुकानात जा. पाठ टेकून पूर्ण सपाट होणारी असणं अत्यावश्यक, बाकी चाकांची ऐट वगैरे विक्रेत्याला बोलू द्या. पहिल्या महिन्यात मला विचाराल तर पोटाशी बांधायचं कापडी झोळीसारखं वाहक जास्त उपयोगी. हात मोकळे राहतात, जिना अडत नाही आणि बसमध्ये भांडण होत नाही. तोंड-नाक दिसत राहिलं पाहिजे आणि हनुवटी छातीवर पडता कामा नये, एवढं सांभाळायचं.

दुधाची तयारी. वहिनी अंगावर पाजणार आहेत म्हणालात, तरी यादीत सहा बाटल्या, वीजेवरचा स्टरिलायझर, बाटली गरम करायचं यंत्र आणि पंप आहे. त्यातलं आधी काहीच घेऊ नका, किंवा मनाच्या समाधानासाठी दोन बाटल्या घ्या. पंप तर मुळीच नको. लागेलच असं नाही, आणि गरज पडली तर मिडवाइफला, म्हणजे दवाखान्याच्या सुईणीला, विचारा. बऱ्याच ठिकाणी काही दिवसांसाठी उसना मिळतो. बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळल्या तरी निर्जंतुक होतात. रोजचंच झालं तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा डबा घ्या, तो स्वस्त असतो.

वरचं दूध द्यावं लागलं तर घाबरू नका आणि महागड्या डब्याच्या मागे लागू नका. ‘फर्स्ट इन्फंट फॉर्म्युला’ लिहिलेल्या प्रत्येक डब्याला पोषणाचे तेच कायदेशीर निकष पाळावे लागतात, म्हणजे स्वस्तातल्या डब्यातही बाळाला लागणारं सगळं असतं. पाणी मात्र किमान ७० अंशाचं हवं. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यातले जंतू मारायला ती उष्णता लागते. नळाचं ताजं पाणी केटलमध्ये उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, मग बाटली नळाखाली धरून गार करायची. बाटली गरम करायच्या यंत्राचं काम कपभर गरम पाणी करतं.

नॅपीला पहिल्या आठवड्यांत दिवसाला दहा-बारा लागू शकतात. एक नंबरची दोन पाकिटं घेऊन ठेवा, जास्त नको. बाळ केव्हा दोन नंबरवर जाईल सांगता येत नाही, आणि सुपरमार्केट घराजवळ असतंच. दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या नॅपी चांगल्या असतात. पुसायला कापूस आणि कोमट पाणी पुरतं. आंघोळ रोज घालायची गरज नाही. टब घेतलात तर घ्या, तो इतर वेळी कपडे भिजवायला होतो. बदलायचं टेबल नको, जमिनीवर चटई टाका. जमिनीवरून बाळ पडत नाही.

औषधांच्या कपाटात डिजिटल थर्मामीटर हवाच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे वाट बघायची नाही, लगेच जीपी (आपला नेहमीचा डॉक्टर) किंवा १११ हा आरोग्य सल्ल्याचा फोन. आठव्या आठवड्याच्या लसींनंतर, विशेषतः मेन-बी या मेंदुज्वराच्या लसीनंतर, ताप येतो, म्हणून लहान बाळांचं पॅरासिटामॉल त्याआधी घरात आणून ठेवायचं. त्या लसी सोडल्या तर दोन महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते द्यायचं नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब जन्मापासून: अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम. वरचं दूध दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर नको. आईनेही रोज १० घ्यायचं, आपल्या वर्णाच्या माणसांना तर इथे बारा महिने सांगतात. भारतातून बाळाची औषधं आणू नका, आणि काजळही नाही. त्यात शिसं सापडल्याच्या तक्रारी इथे गांभीर्यानं घेतात. वजनकाटा यादीत आहे तो काढा. मिडवाइफ आणि नंतर हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांची नर्स) घरी येतात, वजन करतात आणि बाळाच्या आरोग्याच्या लाल पुस्तकात लिहितात.

जुनं कुठे मिळतं? एनसीटी या पालकांच्या संस्थेचे ‘निअरली न्यू’ सेल, चॅरिटी शॉप्स, विन्टेड, फेसबुक मार्केटप्लेस. इथली माणसं प्रॅम आणि कॉट वर्षभर वापरून निम्म्याहून कमी किमतीत देतात, कधी नुसती ‘घेऊन जा’ म्हणतात, कारण त्यांच्याही घरात जागा नसते. लाज वाटून घेऊ नका, कुणालाच वाटत नाही. कापडी नॅपी वापरायचा विचार असेल तर कौन्सिलकडे काही योजना आहे का विचारा.

हेही सांगायला हवं, कारण ओळखीचं कुणीतरी उत्साहानं सुचवेलच: तुमच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा हक्क नाही’ असं लिहिलेलं असेल तर चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) किंवा बाळंतपणाचं ५०० पौंडांचं अनुदान मागू नका. व्हिसाच्या अटीचा भंग होतो. दवाखाना यात येत नाही, त्यासाठीचा अधिभार तुम्ही व्हिसाबरोबरच भरलेला असतो. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर वर्षभर औषधं आणि दातांचे एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार मोफत असतात. त्याचं प्रमाणपत्र मिडवाइफकडून मागून घ्या, आपणहून कुणी आठवण करेल याची खात्री नाही.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आल्याआल्या जीपीकडे नाव नोंदवा आणि प्रसूती विभागाला कळवा. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून जीपी नोंदणी नाकारता येत नाही, तेव्हा तात्पुरत्या घरातूनच करा. २८ आठवड्यांपासून आरएसव्हीची (बाळाच्या छातीला धरणाऱ्या विषाणूची) लस मिळते आणि डांग्या खोकल्याची राहिली असेल तर तीही, त्या मिडवाइफकडे विचारा. मग कायमचं घर. घर हातात आल्यावर डीह्युमिडिफायर, कॉट, गादी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कपडे, नॅपी, कार सीट, आणि दवाखान्याची बॅग भरून दारापाशी. नाताळाच्या दिवशी दुकानं बंद, बस जवळपास नाहीतच, आणि बाळं तारखा पाळत नाहीत. प्रॅम त्यानंतर, जुनी मिळेल तशी.

दवाखान्याच्या बॅगेत बाळाचे चार जोड, नॅपी, कापूस, दुपटी. वहिनींसाठी मॅटर्निटी पॅड, समोरून उघडणारे गाऊन, पातळ कपडे. बाहेर शून्य अंश असलं तरी वॉर्ड उकडण्याइतके गरम असतात. सगळं सुरळीत झालं तर दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी घरी पाठवतात, तेव्हा टॅक्सीवाल्याचा नंबर आणि सीट बांधायचा सराव दोन्ही आधी हवेत. जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करायची.

विमानात तुमच्या आठवड्यांना सहसा अडचण येत नाही. बऱ्याच कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. तिकीट पुढे ढकललंत तर ते पत्र लागेल, म्हणून आताच डॉक्टरांकडून इंग्रजीत घेऊन ठेवा. सोनोग्राफीचे सगळे अहवाल, रक्तगट, साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या, घेतलेल्या लसी यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. पहिल्या भेटीत मिडवाइफ हेच सगळं विचारते.